जुन्या टी-शर्टची तिपेडी वेणी
(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी अगदी किरकोळ वाटण्यासारखा आहे. जुना, विटलेला टी-शर्ट घ्यावयाचा, त्याच्या पट्ट्या कापावयाच्या, तीन पट्ट्यांची वेणी घालावयाची आणि तिचा डोक्यास लावण्याचा केशबंध करावयाचा. मुली ज्याला हेअरबँड म्हणतात तो. हे काम कोणतीही मुलगी आईजवळ बसून अर्ध्या तासात शिकेल, त्यासाठी शाळेचा तास कशाला खर्ची घालावा, अशी शंका पुष्कळांच्या मनात येईल. ती शंका योग्यच आहे. एखादी वस्तू करून दाखविणे हा कार्यानुभवाचा हेतू नव्हे. ती वस्तू करीत असताना मुलाच्या हाताला, डोळ्याला आणि मनाला काय मिळते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्याच्या मानाला कोठे धक्का तर लागत नाही ना, हे पाहणे हा खरा विषय होय.

आपल्या समाजात कापड फुकट जात नसे, हे वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याची गोधडी होई. गोधडीस न लागलेल्या मऊ तुकड्यांची तान्ह्या बाळाची दुपटी होत. दुपटे फाटले म्हणजे सारवणाचे पोतेरे, आणि त्यातूनही जो धड तुकडा राही त्याची चुंबळ किंवा काकडा. चुंबळ ही तर या विषयाची थोरली बहीणच म्हटली पाहिजे. जुन्या कापडास पीळ देऊन त्याचे वेटोळे करावयाचे आणि ते डोक्यावर ठेवून त्यावर पाण्याची घागर किंवा मालाची पाटी तोलावयाची. कापड तेच, डोकेही तेच. फरक इतकाच की चुंबळ भार सोसण्यासाठी होती आणि केशबंध केस आवरण्यासाठी आहे. दारावर येणारी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई. पण जरीची साडी आणि धड कोट यांवर तिची नजर असे. विरलेला बनियन तिच्या गाठोड्यात क्वचितच जाई.

बनियनचे आणि त्याच जातीच्या टी-शर्टचे कापड इतर कापडांहून मुळातच वेगळे आहे. धोतर, लुगडे, सदरा यांचे कापड मागावर विणलेले असते. उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांस काटकोनात छेदून जातात. अशा कापडास कात्री लावली की कडेचे धागे सुटतात, दशा निघतात. म्हणून शिंपी कडा दुमडून शिवतो. टी-शर्टचे कापड मागावर विणलेले नसते. त्यात एकाच धाग्याचे टाके एकमेकांत अडकविलेले असतात, जसे स्वेटरमध्ये सुईने अडकवितात तसे. हे काम यंत्राने करण्याची युक्ती इंग्लंडात विल्यम ली या गृहस्थाने १५८९ साली काढली. आज तामिळनाडूतील तिरुपूर हे गाव या धंद्याचे देशातील मोठे ठाणे आहे. टाका वाकडा असल्यामुळे ओढताच तो सरळ होऊ पाहतो आणि सोडताच पुन्हा वाकतो. या कापडाच्या ताणाचे हेच रहस्य होय. दुसरा गुण असा की साध्या विणीच्या या कापडाची आडवी पट्टी कापून दोन्ही टोकांनी ओढली असता तिच्या कडा आपोआप आत वळतात आणि चपट्या पट्टीची गोल, मऊ दोरी होते. शिवण नको, दुमड नको. सूत कातणाऱ्याला पीळ घालण्यास जो वेळ लागतो तो येथे एका हिसक्याचे काम आहे. मुलांना हे प्रथम दाखवावे, समजावून नंतर सांगावे. पट्टी ओढताच ती दोरी होते हे पाहून पहिलीतील मूलही थक्क होते; आणि जेथे मूल थक्क होते तेथे शिकविण्यास जागा सापडते.

सर्व टी-शर्ट मात्र सारखे नसतात. औद्योगिक पट्ट्यात ही बाब विशेष ध्यानात ठेवावी लागते. येथील घराघरांतून कारखान्यांत मिळालेले टी-शर्ट असतात. ४ मार्चपासून पाळल्या जाणाऱ्या सुरक्षा सप्ताहात वाटलेले, वर्धापनदिनी वाटलेले, त्यांवर कंपनीचे बोधचिन्ह असते आणि बहुधा कॉलर असते. या कॉलरवाल्या शर्टांचे कापड पुष्कळदा जाळीदार, दाणेदार विणीचे असते. त्याची पट्टी ओढली तरी नीट वळत नाही, चपटीच राहते. खेळाचे चकचकीत कृत्रिम धाग्याचे शर्टही हट्टी असतात. त्यांची गाठ सुटते आणि वेणी निसरडी होते. तेव्हा खालच्या दुमडीजवळची बोटभर रुंदीची पट्टी कापून ओढून पाहावी. वळली तर शर्ट घ्यावा, न वळली तर तो फळा पुसण्यास ठेवावा.

दुसरी एक दक्षता याहून महत्त्वाची आहे. चिखली, कुदळवाडी, तळवडे या भागातील आणि नदीपलीकडे निघोजे, कुरुळी, चाकणकडील लहान कारखान्यांतून यंत्रे आणि हात पुसण्यासाठी बनियनच्याच जातीचे तुकडे किलोवर विकत घेतले जातात. मुलांनी ते बापाच्या, काकाच्या हातात पाहिलेले असतात. शाळेत जुने कापड हवे आहे असे म्हणताच एखादे उत्साही मूल तोच बोळा घेऊन येईल. तेल, वंगण आणि यंत्रावर सोडले जाणारे कटाईचे पाणी लागलेले कापड धुतले तरी डोक्याला लावण्याच्या लायकीचे होत नाही. त्यात धातूचे बारीक कण अडकलेले असतात. भंगारातून उचललेले कापडही नको. जे कापड माणसाच्या अंगावर वापरले गेले आहे आणि गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळविले आहे, तेवढेच घ्यावे.

आता चिखलीबद्दल दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण हा पाठ तेथील वर्गात जसा रुजेल तसा तो अन्यत्र रुजेलच असे नाही. इंद्रायणीच्या काठचे हे गाव वारकरी परंपरेत टाळगाव चिखली या नावाने ओळखले जाते. १९९७ साली ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि तेथील शाळांचा कारभार जिल्हा परिषदेकडून महानगरपालिकेकडे गेला. पण नदी ओलांडली की मोई लागते, आणि मोई, निघोजे, कुरुळी, चिंबळी ही गावे खेड तालुक्यात असून त्यांच्या शाळा आजही जिल्हा परिषदेच्या आहेत. नदीने हद्द आखली तरी वर्ग एकसारखेच आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक अशा नाना ठिकाणांहून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले एका बाकावर बसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने कुदळवाडीतील हजारो पत्राशेड, गोदामे आणि लहान कारखाने पाडले. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेची चर्चा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु जेथे कामाची जागा जाते तेथे मजुराचे कुटुंब हलते, आणि कुटुंब हलले की हजेरीपटावरील नावही हलते, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गात पाहिलेले आहे. वर्षाच्या मध्यात नवे मूल वर्गात येते; त्याला वाचता येत असते, पण आपल्या लिपीत नव्हे; बोलता येत असते, पण आपल्या बोलीत नव्हे. अशा मुलाला पहिल्या दिवशी बोटांचे काम दिले तर ते उपरे राहत नाही. वेणी कशी घालतात हे त्याने आपल्या घरी पाहिलेले असते. आपण वेणी म्हणतो, हिंदी बोलणारे मूल चोटी म्हणते, कन्नड बोलणारे जडे म्हणते, गुजराती बोलणारे चोटलो म्हणते. हे चारही शब्द देवनागरीत फळ्यावर एकाखाली एक लिहावेत. भाषेच्या पाठ्यपुस्तकातून जे साधण्यास आठवडा लागतो ते येथे पाच मिनिटांत साधते.

या ठिकाणी एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो, आणि आजच्या व्याख्यानाचे प्रयोजन मुख्यतः तोच प्रश्न होय. बहुसंख्य शाळांतून असल्या उपक्रमाची सूचना कशी दिली जाते? शुक्रवारी शाळा सुटण्याच्या वेळी शिक्षक सांगतात, "उद्या प्रत्येकाने घरून एक जुना टी-शर्ट आणावा." वाक्य निरुपद्रवी दिसते. पण एका खोलीत राहणाऱ्या, वर्षातून दोन कपड्यांवर निभावणाऱ्या मुलाच्या घरी जुना टी-शर्ट म्हणजे अंगावरचाच टी-शर्ट असतो. त्याच्याजवळ न वापरलेला कपडा नसतो. असतो तो वापरात असतो. असे मूल शनिवारी शाळेस येत नाही, किंवा येते आणि विसरलो म्हणून सांगते, आणि विसराळूपणाबद्दल बोलणी खाते. दुसऱ्या टोकाला असे पालक असतात की जे जुना शर्ट सापडला नाही म्हणून बाजारातून नवा आणतात आणि तो मुलाच्या हाती कापावयास देतात. जुन्यातून नवे करण्याचा पाठ दोघांच्याही बाबतीत फसतो. पहिल्याच्या बाबतीत तर त्याने फसण्यापेक्षा वाईट काम केलेले असते.

या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी दयेची आवश्यकता नाही. गणित पुरेसे आहे. मध्यम मापाचा मुलांचा टी-शर्ट जमिनीवर सपाट पसरला असता त्याची रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर भरते. म्हणजे काखेखालच्या भागातून आडवे कापीत गेल्यास प्रत्येक कडे ८० सेंटिमीटर लांबीचे निघते. खालची दुमड काढून टाकल्यावर काखेपर्यंत सुमारे ३६ सेंटिमीटर उंची उरते. ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या घेतल्या तर १२ कडी मिळतात. एका केशबंधास तीन पट्ट्या लागतात; म्हणजे एका शर्टात चार केशबंध. चाळीस मुलांच्या वर्गास दहा शर्ट पुरेत. मग चाळीस मुलांकडून चाळीस शर्ट मागण्याचे कारण काय? दहा शर्ट शिक्षकांच्या घरून, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांकडून, शेजारच्या सोसायटीतून सहज मिळतात. ते धुऊन, नावनिशाणी न ठेवता एका खोक्यात टाकावेत. ज्या मुलाला आणावयाचे आहे त्याने आणून खोक्यात टाकावे. कोणी आणले आणि कोणी नाही याची नोंद ठेवू नये. हे गणित शिक्षकाने स्वतः करून बसू नये, चौथी-पाचवीच्या वर्गाकडून करवून घ्यावे. मुले जेव्हा भागाकार करून दहा हा आकडा काढतात, तेव्हा सर्वांनी आणण्याची गरज नाही हे त्यांनीच सिद्ध केलेले असते आणि मग कोणाच्या रिकाम्या हाताकडे कोणी पाहत नाही.

तरी एक काटा उरतोच. लहान मुलांची दृष्टी फार तीक्ष्ण असते. दुसऱ्याच्या डोक्यावर आपला जुना निळा शर्ट ओळखण्यास त्यांना क्षणही लागत नाही, आणि "तो माझा होता" हे शब्द तोंडातून सुटले की ज्याच्या डोक्यावर तो आहे त्याला तो केशबंध पुन्हा लावावासा वाटत नाही. यावर उपाय वेणीच्या रचनेतच आहे. सर्व शर्टांच्या पट्ट्या आधी एकत्र मिसळाव्यात आणि प्रत्येकाने तीन निरनिराळ्या शर्टांच्या तीन पट्ट्या घ्याव्यात. मग कोणताही केशबंध कोणा एकाचा राहत नाही. मुख्याध्यापकांनी या एका नियमात तडजोड करू देऊ नये. रंगसंगती थोडी बिघडली तरी चालेल.

आता कृती. शर्ट फरशीवर सुरकुती न ठेवता पसरावा. काखेखाली पट्टीने सरळ रेघ आखून वरचा भाग वेगळा करावा. खालची शिवलेली दुमड काढावी, ती फेकू नये. मधला जो नळीसारखा भाग राहतो त्यावर खडूने ३ सेंटिमीटर अंतरावर समांतर रेघा आखाव्यात. समांतर रेषा म्हणजे काय हे त्या वेळी पुन्हा सांगण्याची गरज पडत नाही, कारण रेघ तिरपी झाली तर पट्टी एका टोकास बारीक होऊन तुटते आणि मूल स्वतःच कारण शोधते. बाजूस शिवण असलेल्या शर्टाचे कडे शिवणीवर कापून उघडावे. कापण्याचे काम तिसरीपर्यंतच्या वर्गांत शिक्षकाने करावे. त्यापुढील मुलांना बोथट टोकाची कात्री द्यावी, आणि कापणाऱ्याने बसूनच कापावे.

प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांनी धरून सावकाश ओढावी. तीन पट्ट्यांची टोके एकत्र गाठ मारून खिडकीच्या गजास बांधावीत. उजवीकडील पेड मधल्या पेडावरून आत घ्यावा. मग डावीकडील पेड मधल्या पेडावरून आत घ्यावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. ताण सर्वत्र सारखा हवा. घट्ट विणणारी आणि सैल विणणारी मुले शेजारी बसवावीत, एकमेकांच्या वेण्या पाहून ती सुधारतात. डोक्याचा घेर सुतळीने मोजून ती पट्टीवर ठेवावी. प्राथमिक वयातील मुलांचा घेर बहुधा ५० ते ५४ सेंटिमीटरच्या दरम्यान भरतो. वेणी त्याहून सुमारे ४ सेंटिमीटर आखूड ठेवावी, कारण कापड ताणते. फार आखूड केल्यास कपाळ आवळून डोके दुखते. दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून सुईदोऱ्याने चार-सहा टाके घालावेत आणि त्यावर कापडाचा लहान तुकडा गुंडाळून तोही टाचावा. जोड मानेच्या बाजूस येतो. पहिली-दुसरीच्या मुलांना सुई देऊ नये. त्यांनी टोकांची गाठ मारून उरलेल्या पट्ट्या मागे मोकळ्या सोडल्या तरी चालते.

ज्यांना तोंडी सांगून वेणी जमत नाही अशा मुलांसाठी एक जुनी युक्ती आहे. गोव्यात शिगम्याच्या दिवसांत गोफ नावाचे नृत्य करतात. वर टांगलेल्या रंगीत फिती हातात धरून नाचणारे एकमेकांच्या आतबाहेर जात राहतात आणि त्यांच्या चालण्यानेच वर वेणी विणली जाते; नंतर उलट्या चालीने ती उलगडली जाते. गुजरातेतही अशाच प्रकारचा गोफ गुंफतात. वर्गातील तीन मुलांच्या हाती लांब पट्ट्या द्याव्यात, त्यांची दुसरी टोके गजास बांधावीत, आणि मुलांनाच जागा बदलत चालवावे. उजवीकडच्या मुलाने मधल्याच्या पुढून जाऊन मधोमध उभे राहावे, मग डावीकडच्याने. दोन-तीन फेऱ्यांत वेणीचा क्रम पायांत उतरतो आणि पायांतून बोटांत येतो. अंतर्मुख मूल या खेळात बोलू लागते.

याच खेळात गणितातील एक रम्य गोष्ट दडलेली आहे. लाल, निळा, पिवळा असा क्रम घेऊन प्रत्येक पालटानंतर नवा क्रम फळ्यावर लिहावा. उजवा आत घेतल्यावर लाल, पिवळा, निळा. डावा आत घेतल्यावर पिवळा, लाल, निळा. असे लिहीत गेल्यास सहाव्या पालटास पुन्हा लाल, निळा, पिवळा हाच क्रम येतो. सातवी-आठवीच्या मुलांना विचारावे: क्रम जर पूर्ववत् झाला तर वेणी सुटली का नाही? पेड आपापल्या जागी परतले, पण त्यांनी चाललेली वाट तशीच गुंफलेली राहिली. वेणी सोडवावयाची तर त्याच वाटेने उलटे चालावे लागते. ज्या गणितज्ञाने वेण्यांचे बीजगणित मांडले त्याचे नाव एमिल आर्टिन. त्याचा त्यावरील निबंध १९२५ सालचा आहे. प्राथमिक शाळेत त्याचे बीजगणित शिकवावयाचे नाही. पण ज्या क्रियेस घराघरांतून बायकी काम म्हणून बाजूस सारले जाते तिच्यावर गणितज्ञांनी निबंध लिहिले आहेत, एवढे मुलांच्या कानी पडले तर बिघडले कोठे?

बायकी काम या शब्दाचा विचार येथे केलाच पाहिजे. वर्गातील मुलगे प्रथम हसतील आणि हे आमचे काम नव्हे म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नये. शेतकऱ्याची गोफण, बैलाचा कासरा, विहिरीचे चऱ्हाट हे पुरुषांच्याच हातचे काम होते, हे दाखवून द्यावे. कबड्डीच्या मैदानावर कपाळाचा घाम डोळ्यांत उतरतो तेव्हा हाच पट्टा उपयोगी पडतो. एकदा एका मुलाने तो खेळताना लावला की मागणी आपोआप वाढते. कारखान्याच्या मुलखात आणखी एक कारण आहे. फिरत्या यंत्रात मोकळे केस किंवा सैल कपडा सापडला तर काय होते हे येथील कामगारास सांगावे लागत नाही. चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याने अंगासरशी बसणारे कपडे घातले पाहिजेत, असे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होते. केस आवरणे ही नटण्याची बाब नसून कामाची शिस्त आहे, हे ज्या मुलाची आई जुळणीच्या पट्ट्यावर टोपी घालून उभी राहते त्याला चटकन पटते.

दोर वळण्याच्या कामाविषयी आपल्या समाजाने एक अन्यायही केलेला आहे. केकताड आणि अंबाडी यांचे दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे सोपविलेले होते. त्या दोरावाचून कोणाच्या शेतातील मोट हलत नसे, आणि तरीही दोर वळणारे हात गावाने दूर ठेवले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा हा पीळ अजून पुरता गेलेला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला. तिच्या मुळाशी हा विचार होता की जे काम एका जातीच्या माथी मारले गेले ते शाळेत प्रत्येकाच्या हाती यावे. पुढे कोठारी आयोगाने, १९६४ ते १९६६ या काळात, कार्यानुभव हा शब्द दिला. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची योजना आली. नावे बदलत गेली. टकळी, पुठ्ठाकाम आणि सुतारकाम ज्या शाळांत खरोखर चालले तेथील विद्यार्थ्यांच्या हातात ते राहिले. ज्या शाळांत ते केवळ गुणपत्रकात चालले तेथे काहीच राहिले नाही. आजही दुकानात तयार मिळणारी वस्तू विकत आणून ती कार्यानुभवाच्या तासाची म्हणून मांडण्याचा प्रघात ठिकठिकाणी आहे. प्रदर्शनाचे टेबल त्यामुळे शोभिवंत दिसते हे खरे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी पाने, बिया, खडे आणि शंखशिंपले यांतून शिक्षणाची साधने उभी केली. त्यांच्या बालवाडीत विकत आणलेल्या वस्तूंची उणीव होती. आज ज्यांना ती उणीव नाही त्यांच्या शाळांत काय उभे राहते, हे प्रत्येकाने आपल्याशीच पडताळून पाहावे.

आनंददायी शनिवार हा उपक्रम राज्यात २०२४ साली सुरू झाला. त्या तासिकेत हे काम दोन शनिवारांत पुरे होते. पहिल्या शनिवारी मापन, भागाकार, कापणे आणि पट्ट्या मिसळणे. दुसऱ्या शनिवारी वेणी आणि शिवण. नोंदवहीत रेखीव चित्रे काढीत बसण्याऐवजी मुलांनी चार आकडे लिहावेत: ओढण्यापूर्वी पट्टीची लांबी, ओढल्यानंतरची लांबी, विणलेल्या वेणीची लांबी आणि डोक्याचा घेर. ओढल्यानंतर पट्टी किती वाढली आणि विणल्यावर किती कमी झाली, हे प्रत्येकाचे निराळे येईल. एकच उत्तर सर्वांनी लिहिलेले आढळल्यास कोणीतरी पाहून लिहिले आहे असे समजावे. स्पर्धा ठेवू नये; पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक काढण्यासारखे यात काही नाही.

आरोग्याच्या दोन सूचना वर्गात स्पष्ट शब्दांत द्याव्यात. आपला केशबंध दुसऱ्यास लावण्यास देऊ नये, कारण उवा एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जातात. ज्या मुलीच्या डोक्यात उवा आहेत तिला मात्र त्यावरून कोणी चिडवू नये, आणि हे बोलताना शिक्षकाने कोणाकडेही पाहू नये. आठवड्यातून एकदा तो धुऊन उन्हात वाळवावा. दुसरी सूचना जिवाशी संबंधित आहे. हे कडे गळ्यात घालू नये, घालून कोणी ओढू नये, आणि चौथीच्या आतील मुलांनी झोपताना ते काढून ठेवावे. पट्ट्यांच्या दोऱ्या गळ्याभोवती गुंडाळून खेळणे वर्गात एकदाही होऊ देऊ नये.

शर्टाचा वरचा भाग, म्हणजे बाह्या आणि खांदे, उरतो. बाहीची कडी आखूड भरतात. त्यांच्या तीन-तीन पट्ट्यांतून मनगटाचे कडे होते किंवा कंपासपेटी बांधण्याची दोरी होते. खांद्याचा भाग फळ्यासाठी. खालची शिवलेली दुमड कधीच वळत नाही, पण मजबूत असते. वह्यांचे गठ्ठे बांधण्यास सुतळीपेक्षा ती बरी, कागदाच्या कडा कापल्या जात नाहीत. वर्षाच्या मध्यात जे मूल नव्याने दाखल होईल त्याच्यासाठी तीन पट्ट्या खोक्यात शिल्लक ठेवाव्यात, आणि वेणी घालण्यास त्याच्या शेजारी आपल्या बोलीखेरीज दुसरी बोली येणारे मूल बसवावे.